ट्रॉली मागे घेण्याचे गणित

वारजे माळवाडीच्या एखाद्या अरुंद गल्लीत सकाळच्या वेळी विटांनी किंवा क्रश सँडने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी शिरते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या दुचाकी थांबतात. बांधकामावरचा एखादा माणूस मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' असा पुकारा करतो. चालक मान मागे वळवून, एका हाताने स्टिअरिंग फिरवीत, दोन भिंतींच्या मधून ट्रॉली नेमकी आत घालतो. कधी हे काम अर्ध्या मिनिटात होते, तर कधी ट्रॉली आडवी होऊन बसते आणि मागे वाहनांची रांग लागते. पुढे जाताना मुकाट्याने मागे येणारी ट्रॉली उलटे जाताना एवढी हट्टी का होते, आणि परदेशातील मोटारींत आलेले नवे तंत्रज्ञान हा हट्ट मोडू शकते का, हा प्रश्न त्यामुळेच विचार करण्याजोगा आहे.

उजवीकडे वळवा, डावीकडे जाते

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये एक पिन असते. त्या पिनेभोवती ट्रॉली मोकळी फिरते. उलटे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरविले, तर ट्रॅक्टरचा मागचा भाग उजवीकडे सरकतो आणि ट्रॉलीचे पुढचे टोक आपल्याबरोबर उजवीकडे ढकलतो. परिणामी ट्रॉलीचे मागचे टोक डावीकडे जाते. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. मोटारीच्या सवयीने तो स्टिअरिंग फिरवितो आणि ट्रॉली नेमकी विरुद्ध दिशेला निघते.

खरी अडचण मात्र पुढची आहे. ट्रॉली ओढली जात असते, तेव्हा ती आपोआप सरळ होते. ढकलली जात असते, तेव्हा लहानसा तिरकेपणा आपोआप वाढत जातो. तळहातावर उभी काठी तोलण्यासारखाच हा प्रकार आहे. पिनेपासून चाकांपर्यंत ३ मीटर अंतर असलेली दुचाकी ट्रॉली ५ अंशांनी तिरकी आहे आणि स्टिअरिंग सरळ धरले आहे, असे समजा. ३ मीटर मागे गेल्यावर तो कोन सुमारे साडेतेरा अंश होतो आणि ६ मीटरवर सुमारे ३६ अंश. हेच अंतर ९ मीटर असलेल्या लांब ट्रेलरचा कोन तेवढ्याच ६ मीटरमध्ये १० अंशांपर्यंतही पोहोचत नाही. म्हणजे महामार्गावरचा अजस्र कंटेनर मागे घेणे, निदान या एका बाबतीत, आखूड ट्रॉलीपेक्षा सोपे असते. चालकाला चूक उमगून ती सुधारायला अधिक अवधी मिळतो.

कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की स्टिअरिंग पूर्ण वळवूनही तो कमी होत नाही. मिटणाऱ्या चाकूसारखी दोन्ही वाहनांची घडी होते. दांडी वाकते किंवा ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या चाकावर आदळतो. तेथे उपाय एकच : थांबून पुढे जाणे आणि ट्रॉली सरळ करून पुन्हा सुरुवात करणे.

चारचाकी ट्रॉलीत आणखी एक सांधा असतो, कारण तिची पुढची चाके दांडीबरोबर वळतात. त्यामुळे उलट्याचे पुन्हा उलटे होते. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. अशी जोडगाडी मागे घेणे जवळजवळ अशक्यच, म्हणून मागची ट्रॉली सोडवून एकेक हलविणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

यंत्राने काय साधले?

अमेरिकेत घोड्यांची, होड्यांची आणि फिरत्या घरांची वाहतूक खासगी गाड्यांमागे ट्रेलर जोडून होते. फोक्सवॅगनने २०१४ मध्ये 'पसाट' मोटारीत ट्रेलर मागे घेण्यास मदत करणारी सोय दिली. पाठोपाठ फोर्डने 'एफ-१५०' या पिकअपच्या २०१६ च्या आवृत्तीत तशीच यंत्रणा आणली. फोर्डच्या यंत्रणेत चालकाने स्टिअरिंग सोडून द्यायचे आणि एक छोटी गोल कळ ट्रेलर ज्या दिशेला न्यायचा त्या दिशेला फिरवायची. ट्रेलरवर चिकटविलेली चौकटींची खूण मागचा कॅमेरा पाहतो, त्यावरून कोन ओळखला जातो, आणि संगणक विजेवर चालणारे स्टिअरिंग स्वतः फिरवितो. घडी होण्याची वेळ येण्याआधीच तो कोनाला आळा घालतो. तळहातावरची काठी यंत्र तोलते, असे म्हणता येईल.

मात्र वेग आणि ब्रेक चालकाच्याच पायाखाली राहतात. मागे मूल आले आहे का, वर विजेची तार आहे का, बाजूचे गटार उघडे आहे का, हे पाहणे चालकाचेच काम असते. शिवाय ट्रेलरची मापे आधी यंत्राला सांगावी लागतात आणि ती खूण स्वच्छ दिसावी लागते. आज या विटांची तर उद्या त्या मातीची ट्रॉली जोडणाऱ्या, चिखलाने माखलेल्या आणि विजेच्या स्टिअरिंगचा पत्ता नसलेल्या आपल्याकडच्या ट्रॅक्टरला ही सोय तशीच्या तशी लावता येणार नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. पण ट्रॉलीच्या मागे काय आहे, हे सांगणारा अजूनही तो पुकारा करणारा माणूसच आहे.

शिकायचे कोठे?

ही विद्या बहुधा शेतात, मोकळ्या माळावर, वडीलधाऱ्या चालकाच्या शेजारी बसून शिकली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये परवान्याचे जे वर्ग दिले आहेत, त्यांत ट्रेलरचा वेगळा वर्ग नाही. चाचणीच्या नियमांत वाहन मागे घेता येणे अपेक्षित आहे. पण एकटे वाहन मागे घेणे आणि सांध्याचे वाहन मागे घेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर परवाना घेणाऱ्यांना मोठा ट्रेलर ओढण्यासाठी स्वतंत्र चाचणी द्यावी लागे आणि तीत ट्रेलर मागे घेऊन दाखवावा लागे. मोटारींसाठीची ही चाचणी १६ डिसेंबर २०२१ रोजी रद्द झाली. प्रशिक्षण घ्यावे, हा सल्ला मात्र तेथे कायम आहे.

शिकण्याची रीत तशी अवघड नाही. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. मग हात ज्या दिशेला जाईल, त्याच दिशेला ट्रॉलीचे मागचे टोक जाते. स्टिअरिंग थोडे आणि लवकर फिरवावे. ट्रॉली वळू लागली की लगेच उलट फिरवून तिच्या मागोमाग जावे. शक्य तेथे आपल्या उजव्या हाताला वळण घ्यावे, कारण ती बाजू खिडकीतून दिसते. डाव्या वळणात डावा आरसा ट्रॉलीच्या फळीने भरून जातो. वेग चालत्या माणसाहून कमी असावा. मागचा माणूस चालकाला सतत दिसत राहावा. तो दिसेनासा झाला, की त्याच क्षणी ब्रेक दाबावा. आणि बिघडते आहे असे वाटताच पुढे जाऊन सरळ व्हावे. त्यात कमीपणा नाही. कसलेले चालकही हेच करतात.

यंत्राची मदत घेण्यात गैर काहीच नाही. ज्याला वर्षातून दोनदाच होडी तळ्याकाठी न्यायची आहे, त्याने कळ फिरवून काम भागवावे. पण ज्याला रोज वस्तीतल्या गल्लीत शिरायचे आहे, त्याला कोन हाताने ओळखता आलाच पाहिजे. स्टिअरिंगकडे पाहण्याची गरज संपते, तेव्हाच डोळे मागच्या रस्त्यासाठी मोकळे होतात. गल्लीत खेळणाऱ्या मुलाची सुरक्षितता त्या मोकळ्या डोळ्यांवरच अवलंबून असते. चालकाला परवाना देताना मोकळ्या मैदानात एकदा ट्रॉली मागे घेऊन दाखवायला सांगणे, हे त्या दृष्टीने फार मोठे मागणे ठरू नये.