ढेकूळ पाण्यात का ढासळते?

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील शेतातून दोन वाळलेली ढेकळे आणा. एक नांगरलेल्या रानातले, दुसरे बांधावरच्या गवताखालचे. पाण्याच्या दोन पेल्यांत ती अलगद सोडा. पहिले बघता बघता ढासळेल, दुसरे बराच वेळ टिकेल. माती तर एकच! वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, तसल्याच खडकाची झीज होऊन झालेली काळी माती. मग फरक कसला?

फरक गोंदाचा. कुजणाऱ्या मुळांवर जगणारे जीवाणू व बुरशी चिकट द्रव्ये सोडतात आणि मातीचे कण बांधले जातात. याच सेंद्रिय भागात नत्रही साठलेले असते. वारंवार नांगरल्याने हवा लागून तो भाग झपाट्याने कुजून संपतो. पऱ्हाट्या जाळल्या, तर त्यांतले बहुतेक नत्र चक्क धुराबरोबर जाते.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेली सगुणा पद्धत या जिल्ह्यातील काही शेतकरी कापूस-मक्यासाठी वापरतात. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगर नाही. पीक कापले तरी मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजली की त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात. त्यांतून पाऊस मुरतो, त्यामुळे खतही कमी वाहून जाते. तणासाठी मात्र बहुधा तणनाशक फवारावे लागते, ही अडचण आहे खरी.

अशा शेतातले तिसरे ढेकूळ मिळाले, तर तेही पेल्यात सोडून पाहा.