मोझेलची रीसलिंग आणि ताटातली जोडी

जर्मनीतल्या रीसलिंग द्राक्षाची सर्वात जुनी लेखी नोंद 1435 सालची, ऱ्युसेल्सहाइम गावची आहे. या द्राक्षाची नजाकत अनुभवावी ती मोझेल नदीच्या खोऱ्यात. तिथले द्राक्षमळे पाटीच्या काळ्या-करड्या दगडाच्या उभ्या उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट टेकडीचा चढ तर काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे तोडणी हातानेच करावी लागते. दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो. थंड हवेतही द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा टिकून राहतो.

या द्राक्षाच्या वाइनच्या बाटलीवरचे शब्द निवडीला मदत करतात. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, गोडवा जवळजवळ नसलेली. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ या पायऱ्या तोडणीच्या वेळी द्राक्षे किती पिकली होती ते सांगतात.

कोरडी रीसलिंग नदीतल्या ट्राउट माशाबरोबर किंवा वसंतात येणाऱ्या पांढऱ्या शतावरीबरोबर घ्यावी. डुकराच्या भाजलेल्या चरबीदार मांसावर तिचा आंबटपणा लिंबासारखा काम करतो आणि तोंड स्वच्छ होते. थोडी गोडसर काबिनेट तिखट थाई जेवणाशी छान जुळते. तिच्यात मद्यार्क बहुधा 8-9 टक्केच असतो. जास्त मद्यार्काने तिखटाची आग भडकते, तर गोडव्याने ती निवते. आउसलेझेसोबत निळ्या बुरशीचे खारट चीज घ्यावे.

वाइन 8 ते 10 अंश सेल्सिअसला वाढावी. फार गार केली, तर सफरचंद-पीचचा सुगंध दबतो.