वीस माकडांचा हिशेब

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याचा रस्ता धरला की दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर पाषाण लागतं. तिथे राष्ट्रीय विषाणू संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची, बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे. सर्वांत घातक विषाणू हाताळायचे ते अशाच ठिकाणी. करोनाच्या काळापासून तिथल्या लशीच्या चाचण्यांबद्दल दोन टोकाची विधानं कानावर पडत आली आहेत. एक म्हणतो, लस थेट माणसांवरच तपासली. दुसरा म्हणतो, हजारो माकडं मारली. दोन्ही खोटी आहेत, पण त्यामुळे अवघड प्रश्न सुटत नाही.

गैरसमज : कोव्हॅक्सिन या करोनाच्या लशीची प्राण्यांवर तपासणीच झाली नाही.

झाली. आधी उंदीर आणि ससे, मग सीरियन हॅमस्टर आणि शेवटी पुण्यात वीस ऱ्हीसस माकडं. प्रयोगासाठी मुद्दाम पैदास केलेली माकडं तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून वन विभागाच्या परवानगीने रानातली पकडावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी ही शोधाशोध पुढे पुस्तकात सांगितली आहे. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारं खाणं आटलं, माकडं जंगलात आत निघून गेली आणि अखेर ती नागपूरजवळ सापडली.

पाच-पाच माकडांचे चार गट केले. तीन गटांना लशीचे तीन वेगवेगळे नमुने दिले, चौथ्याला लस दिली नाही. चौदा दिवसांच्या अंतराने दोन डोस झाले आणि त्यानंतर सगळ्यांनाच विषाणू दिला गेला. लस मिळालेल्यांच्या फुफ्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या नाहीत. फुफ्फुसांच्या ऊती अशा तपासायच्या तर प्राणी जिवंत ठेवता येत नाही. लशीचं कौतुक करताना हे वाक्य गाळू नये.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा जुलै २०२० मध्ये सुरू झाला, तर माकडांचे निष्कर्ष सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. 'आधी माकड, मग माणूस' हा पाठ्यपुस्तकातला क्रम इथे नव्हता. लस सुरक्षित आहे का, याची प्राथमिक तपासणी लहान प्राण्यांवर झालेली होती. ती संसर्ग अडवते का, हे माकडांकडून कळायचं होतं. मग त्या उत्तरासाठी न थांबता पुढे जायचंच होतं, तर वीस जीव कशाला घेतले? नोव्हेंबरात पंचवीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरचा तिसरा टप्पा सुरू व्हायचा होता आणि त्याआधी हा पुरावा हाती असणं गरजेचं होतं, हे उत्तर मला पटतं. पण प्रश्न न विचारताच ते गृहीत धरू नये, आणि विचारणाऱ्याला लशीचा विरोधक ठरवू नये.

गैरसमज : विषाणूची प्रयोगशाळा म्हटली की तिथे प्राण्यांवर प्रयोग असणारच.

देशातली पहिली फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकलाच सुरू झाली. तिचं काम साथीच्या जागी जाऊन नमुने तपासणं. सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा कोझिकोडला अशीच फिरती प्रयोगशाळा गेली होती. पिंजऱ्यांचा तिथे संबंध नाही.

गैरसमज : प्राण्यांना वाली नाही, शास्त्रज्ञ वाटेल ते करतात.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना मनाई करत नाही, पण लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरणं टाळा, असं बजावतो. १९९८ च्या नियमांनुसार प्राणी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला नैतिकता समिती लागते. तिच्यात शास्त्रज्ञांच्या जोडीला पशुवैद्यक, बाहेरचा प्रतिनिधी आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक समाजभान असलेला सदस्य असतो. माकडासारख्या मोठ्या प्राण्याची फाइल केंद्रीय समितीकडे जाते.

शिवाय आपल्या देशाने एकदा ठाम नकारही दिलेला आहे. पोलिओ लशीच्या काळात भारतातून ऱ्हीसस माकडं मोठ्या संख्येने अमेरिकेला जात. ती फक्त वैद्यकीय कामासाठी वापरायची, असा करार होता. तरी ती लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत वापरली गेल्याचं उघड झालं आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने निर्यात बंद केली. माकड कोणत्या कामासाठी मारलं जातं याला किंमत आहे, हे त्या निर्णयाने मान्य केलं.

गैरसमज : आता संगणक आहेत, प्राण्यांची गरजच उरली नाही.

गरज कमी होते आहे, हे खरं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतही बिगरप्राणी पद्धतींना जागा मिळाली. प्राण्याचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागूही पडत नाही. करोनाचा मूळ विषाणू साध्या उंदराच्या पेशीत नीट शिरतच नव्हता. पण अख्ख्या शरीरात विषाणू कसा पसरतो, हे बशीतल्या पेशी अजून पुरतं सांगत नाहीत. प्राण्यांवरची तपासणी थोडक्यात आटोपली तर जोखीम कोणावर येते, हे मुंबईने पाहिलं आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस सशांवर तपासली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी 'स्वेच्छेने' पुढे आले. कैद्याच्या संमतीला संमती म्हणायचं का?

गैरसमज : प्रश्न फक्त प्राण्याच्या वेदनेचा आहे.

मला सगळ्यांत मोठा गैरसमज हाच वाटतो. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबारच्या नवापुरात सापडला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्याच एच५एन१ विषाणूवर २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे रॉन फुशिए यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग केले. एका फेरेटच्या नाकातला विषाणू दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशा दहा फेऱ्या झाल्या. शेवटी विषाणू हवेतून शेजारच्या पिंजऱ्यात पोचू लागला. निसर्गात तो फेरेटमध्ये असा पसरत नव्हता. इथे प्राणी नुसता सोसत नव्हता, नवा धोका त्याच्याच शरीरात घडवला जात होता. जगभर वाद झाला आणि अमेरिकेने २०१४ ते २०१७ या काळात अशा प्रयोगांचा निधी थांबवला.

पुण्यातल्या वीस माकडांचा प्रयोग समोर असलेल्या साथीवरचा होता. रॉटरडॅमचे फेरेट अजून न आलेल्या साथीसाठी होते, आणि ती साथ त्या पिंजऱ्यातूनच येण्याची भीती होती. दोन्हींना एकाच मापाने मोजणं चूक आहे. पहिला प्रयोग मी मान्य करतो, दुसरा करत नाही.

आपल्याकडे वेदनेची फाइल प्राणी नैतिकता समितीकडे जाते आणि विषाणू निसटण्याची फाइल जैवसुरक्षा समितीकडे. 'हा प्रयोग करावाच का?' हा प्रश्न दोन्हींच्या मधे राहून जाऊ शकतो. धोकादायक विषाणूंपुरत्या तरी या दोन फायली एकाच टेबलावर वाचल्या जाव्यात आणि निर्णयाची कारणं लोकांना मराठीत वाचायला मिळावीत. समितीतली ती बिगरशास्त्रज्ञाची खुर्ची सहीपुरती नाही. तिच्यावर बसण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर आली, तर हा मधला प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारावा.