सील कोट: पाणी वरून येतंय की खालून?

संशोधनाचा विषय निवडताना बरेच जण सील कोटकडे बघतही नाहीत. पातळ थर तो, त्यात काय शोधायचं? पण आपल्या नांदेड-लातूर भागात या पातळ थराने खरंच काही वाचतं का, हा चांगला जाडजूड प्रश्न आहे.

नांदेडहून भोकरमार्गे भैंसा-निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 सोडा आणि आतल्या गावांच्या रस्त्याला लागा. अशा रस्त्यांवर बहुधा 20 मिमी जाडीचं ओपन ग्रेडेड कारपेट असतं. खडीच्या मधे पोकळ्या राहतात, त्यातून पाणी झिरपतं. त्या पोकळ्या बुजवायला सील कोट. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्याचे दोन प्रकार आहेत. ए टाइपमध्ये गरम डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि रोलर फिरवतात. 10 चौरस मीटरला 9.8 किलो डांबर. बी टाइपमध्ये कच आधीच डांबरात घोळवून टाकतात, तिथे 6.8 किलो. म्हणजे 3.75 मीटर रुंद रस्त्याला किलोमीटरमागे अनुक्रमे 3,675 आणि 2,550 किलो डांबर.

सील कोटचं दुसरं काम म्हणजे खालच्या डांबराचं म्हातारपण लांबवणं. ऊन आणि ऑक्सिजनमुळे डांबरातला तेलकट भाग घटतो, अस्फाल्टीन वाढतं, डांबर ठिसूळ होतं. मग केसासारख्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिथूनच खड्डा सुरू होतो.

आता मुद्दा. सील कोट अडवतो ते वरून येणारं पाणी. रस्त्याला ताकद तो देत नाही. काळ्या मातीत पाणी बाजूनेही येतं: साइडपट्टीतून, तुंबलेल्या नालीतून, शेजारच्या रानातून. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडेची माती आधी सुकते म्हणून कडेलगत लांबच लांब भेगा पडतात. तिथे वरून कितीही काळं केलं तरी भेग परत वर येणारच. गावाच्या वाट्याला रस्त्याचा निधी वर्षानुवर्षांनी येतो. तो सील कोटवर घालायचा की नाली आणि साइडपट्टीवर, हे अंदाजाने ठरवणं महागात पडतं.

मग अभ्यास कसा आखायचा? आपल्या जिल्ह्याची एक सोय आहे. बहुतेक भाग बेसॉल्टचा, पण देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. म्हणून चार तुकडे निवडा: काळ्या मातीवर सील कोट असलेला आणि नसलेला, ग्रॅनाइटच्या मुरमावर असलेला आणि नसलेला. वय, जाडी आणि वाहतूक शक्यतो सारखी ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर तीन गोष्टी मोजा: भेगांची लांबी, मातीतला ओलावा (मध्ये आणि कडेला वेगवेगळा), आणि बेंकेलमन बीमने रस्ता किती दबतो ते. मुरमावर सील कोटचा फरक दिसला आणि काळ्या मातीवर दिसला नाही, तर पाणी कुठून येतंय याचा मोठा सुगावा लागला. नुसता सील कोट केलेला एकच रस्ता बघून ‘टिकला’ असं लिहिलं, तर परीक्षक पहिला प्रश्न विचारतील: कशाच्या तुलनेत?

जाता जाता, पेपर शोधताना एक काळजी घ्या. अमेरिकेत ‘सीलकोटिंग’ म्हणजे बहुतेक वेळा पार्किंगवर मारायचा, मोठी खडी नसलेला पातळ लेप. त्यातला एक प्रकार कोलटारचा. पीएएच नावाच्या घातक रसायनांमुळे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने त्यावर 2006 पासून बंदी घातली. आपण ‘डांबर’ हा शब्द दोन्हींना वापरतो. डांबराच्या गोळ्यांतलं डांबर दगडी कोळशाचं, रस्त्यावरचं आजचं डांबर, म्हणजे बिटुमेन, खनिज तेलाचं. त्यामुळे तिकडचे आकडे इकडे उचलण्याआधी लेप कशाचा, खडी आहे का आणि खालची माती कोणती, एवढं वाचाच.