दैनंदिन वापरातील स्पोर्ट्स मोटारीसाठी धक्काशोषकाची निवड : खानदेशातील रस्त्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक :

पदवीच्या भौतिकशास्त्रात अवमंदित दोलनाचे प्रकरण शिकविले जाते. फळ्यावर समीकरण मांडले जाते, अल्प, क्रांतिक आणि अति अवमंदन या तीन अवस्थांचे आलेख काढले जातात आणि प्रकरण संपते. त्याच महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीखाली हे समीकरण चार ठिकाणी प्रत्यक्ष बसविलेले असते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. शास्त्रीय भाषेत ज्याला अवमंदक म्हणतात, पुस्तकी मराठीत ज्याला धक्काशोषक म्हणतात आणि धुळे-जळगावच्या गॅरेजमध्ये जो केवळ 'शॉकअप' म्हणून ओळखला जातो, त्या भागाची निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खानदेशात दोन दारांची अस्सल स्पोर्ट्स कार विरळाच. तथापि वेगाची हौस भागविणाऱ्या आणि कुटुंबालाही सामावून घेणाऱ्या मोटारी येथे दिसतात, आणि त्यांतील काहींचा जन्म महाराष्ट्रातच झालेला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पालिओ १.६, चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी, २०१५ साली बाजारात आलेली रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या तिन्ही मोटारींचे उत्पादन आता बंद झाले आहे. त्यामुळे हौशी ग्राहक त्या जुन्या बाजारातून घेतो आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच धक्काशोषक बदलण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. धुळ्याहून जळगावला दररोज सुमारे ९० किलोमीटर जाणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने तो हौसेचा राहत नाही; पाठीच्या कण्याचा आणि ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल याचा होतो.

धक्काशोषकाचे कार्य :

'धक्काशोषक' हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. खड्ड्याचा धक्का प्रथम टायर आणि नंतर स्प्रिंग झेलते. स्प्रिंगने साठविलेली ऊर्जा ती परत करणारच. ती परत येताना तेलाच्या घर्षणात मुरवून तिचे उष्णतेत रूपांतर करणे हे धक्काशोषकाचे काम होय. दट्ट्याच्या झडपांतून तेल जबरीने ढकलले जाते आणि त्यामुळे विरोध निर्माण होतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका चाकावर मोटारीचा ३०० किलोग्रॅम भार आहे आणि तेथील स्प्रिंगचा स्थिरांक २०,००० न्यूटन प्रति मीटर आहे. अशा रचनेची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.३ हर्ट्झ येते. क्रांतिक अवमंदनासाठी लागणारा गुणांक सुमारे ४,९०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर इतका होतो. प्रवासी मोटारीत त्याच्या साधारणतः २० ते ४० टक्के अवमंदन ठेवले जाते. येथे ३० टक्के, म्हणजे सुमारे १,४७० धरू. आता मालकाने गाडी 'बसकी' दिसावी म्हणून आखूड व ताठर स्प्रिंगा टाकल्या आणि स्थिरांक ३०,००० झाला, पण धक्काशोषक जुनेच ठेवले. वारंवारता १.६ हर्ट्झवर जाते, क्रांतिक गुणांक ६,००० होतो आणि अवमंदनाचे गुणोत्तर ३० टक्क्यांवरून २४.५ टक्क्यांवर घसरते. म्हणजे गाडी ताठरही झाली आणि उसळूही लागली. ज्या गाड्यांविषयी 'स्पोर्टी केली, पण आता बसवत नाही' अशी तक्रार ऐकू येते, त्यांतील पुष्कळ गाड्यांचे दुखणे हेच असते.

मानवी शरीर उभ्या दिशेतील कंपनांपैकी सुमारे ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्यातील कंपने सर्वांत कमी सहन करते. गाडीच्या सांगाड्याची वारंवारता या पट्ट्याच्या खाली, तर चाकाच्या स्वतःच्या उड्यांची वारंवारता (सुमारे १० ते १५ हर्ट्झ) त्याच्या वर असते. अवमंदन कमी पडले तर सांगाडा हेलकावतो; अवमंदन अतोनात वाढविले तर धक्काशोषक जणू लोखंडी दांडाच बनतो आणि मधल्या पट्ट्यातील कंपने थेट आसनापर्यंत पोहोचवितो. 'कडक म्हणजे चांगला' हा समज म्हणूनच टिकत नाही. उसळणारे चाक रस्त्याला धरून राहत नाही आणि जे चाक जमिनीला टेकलेले नाही ते ब्रेकही लावू शकत नाही.

खानदेशातील रस्ते आणि हवामान :

परदेशी नियतकालिकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे पहिले कारण पायाखालची माती हे आहे. तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरील डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. अशा दोन लाटांत १५ मीटर अंतर आहे असे मानले, तर ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला सेकंदाला १.३ लाटा भेटतात. म्हणजे वरील उदाहरणातील मोटारीची नेमकी नैसर्गिक वारंवारता! अनुनादाचा हा पाठ चोपडा, अमळनेर, पारोळा परिसरातील मार्गांवर प्रवाशाला पुस्तकाविना मिळतो. येथे गाडी सावरते ती धक्काशोषकाच्या 'मंदगती' अवमंदनामुळे. मंदगती हा शब्द दट्ट्याच्या गतीविषयी आहे, गाडीच्या नव्हे. दट्टा सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा हळू सरकत असताना मिळणारा विरोध येथे अभिप्रेत आहे.

दुसरे कारण गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता यावा. गावोगावी लोकांनी रातोरात उभारलेले अरुंद उंचवटे या मानकात कोठेच बसत नाहीत. त्यांवर दट्टा अतिशय वेगाने आत ढकलला जातो. अशा 'शीघ्रगती' अवस्थेत झडप चटकन उघडली पाहिजे. म्हणून चांगल्या धक्काशोषकाचा आलेख आरंभी चढा आणि पुढे सपाट होत जाणारा असतो. लाटांवर घट्ट आणि उंचवट्यावर मोकळा, असे दोन्ही गुण एकाच नळकांड्यात मिळणे हीच किंमतीतील फरकाची खरी मेख आहे.

महामार्गावरील फाट्यांपूर्वी मारलेले जाड पांढरे पट्टे हा तिसरा प्रकार. पट्ट्यांत एक मीटर अंतर आणि वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर सेकंदाला ११ आघात होतात, म्हणजे चाकाच्या उड्यांच्याच पट्ट्यात. धक्काशोषकाचा परतीचा विरोध फार ठेवला असेल तर दोन आघातांमध्ये चाकाला खाली यायला अवधीच मिळत नाही आणि गाडी हळूहळू आपल्याच चाकांवर दबत जाते. परतीचा विरोध दाबाच्या विरोधाच्या दोन-तीन पट असणे सर्वसाधारण आहे. त्याहून पुढे जाणे येथे महागात पडते.

उन्हाळ्याविषयी मात्र थोडी अतिशयोक्ती होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तेल पातळ होते, हे खरे. परंतु झडपांतून वेगाने वाहणाऱ्या तेलाचा विरोध केवळ चिकटपणावर नव्हे, तर घनतेवरही अवलंबून असतो. निरोगी धक्काशोषक उन्हाने हात टेकत नाही. उन्हाने उघडे पडते ते आधीच झिजलेल्याचे दुखणे : सततच्या हालचालीने तेलात फेस होतो आणि फेस विरोध करीत नाही.

प्रकार व निवड :

फेसावरील उपाय म्हणजे दाबाखालील नत्रवायू. दुहेरी नळीच्या धक्काशोषकात हा दाब अल्प असतो, तर एकेरी नळीच्या प्रकारात साधारणतः २० ते ३० बार इतका असून तेल व वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. ही कल्पना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांची. तिला जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५७ साली मर्सिडीज-बेंझ मोटारींसाठी प्रत्यक्ष उत्पादनात आणले. एकेरी नळीची भिंत थेट हवेला लागते, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही या क्षेत्रातील जुनी कंपनी असून पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तिचा कारखाना आहे. वायूभरित धक्काशोषकाची ओळख सामान्य मराठी माणसाला मोटारीपेक्षा बजाज पल्सरच्या 'नायट्रॉक्स'मुळे आधी झाली, हेही नमूद करण्यासारखे आहे.

दररोजच्या धुळे-जळगाव प्रवासासाठी पहिली निवड कोणती? मूळ स्प्रिंगा तशाच ठेवून उत्पादकाच्याच दर्जाचे नवे धक्काशोषक, हे उत्तर निरस वाटेल; पण ८०-९० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीला नवे मूळ भाग मिळाल्यावर ती मुळात किती चांगली होती, याचा शोध बहुतेक मालकांना तेव्हाच लागतो. ज्यांचा प्रवास वारंवार कन्नड घाटातून किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाटातून होतो, त्यांनी मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठीच बनविलेला एकेरी नळीचा धक्काशोषक विचारात घ्यावा. बिलस्टाइनमध्ये बी-६ ही मालिका मूळ उंचीसाठी, तर बी-८ ही खाली बसविलेल्या गाडीसाठी आहे. दोहोंची गल्लत केल्यास दट्ट्याची चालच चुकते. आपल्या मोटारीसाठी नेमका भाग क्रमांक उपलब्ध आहे का, हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी पाहावे. उंची बदलता येणारे संच स्पर्धेच्या धावपट्टीवर शोभतात. धुळीत त्यांचे आटे जाम होतात आणि गाडी खाली घेतली की आघाताची उरलेली वाट रबरी अडथळ्यावर जाऊन संपते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यामुळे मूळ उंची राखणे विम्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

पुष्कळदा धक्काशोषकावर आळ येतो आणि दोष टायरचा असतो. १९५/५५ आकाराच्या टायरची बाजूची भिंत सुमारे १०७ मिलिमीटर उंच असते. शोभेसाठी २०५/४५ घातले की ती ९२ वर येते. गेलेले १५ मिलिमीटर रबर कोणताही महागडा धक्काशोषक परत देत नाही. रावेर-यावलची केळी ज्यांनी ट्रकमध्ये भरून पाठविली आहेत, त्यांना खालच्या थराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

बसविताना घ्यावयाची दक्षता :

बॉनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहण्याची प्रचलित चाचणी फक्त पूर्ण निकामी झालेला धक्काशोषक ओळखते. अर्धवट झिजलेला तिच्यातून सहज निसटतो. टायरच्या कडेवर ठराविक अंतराने पडलेले खळगे हे अधिक विश्वसनीय लक्षण होय. बदल नेहमी एका आसावरील दोन्ही बाजूंना करावा. त्याच वेळी वरचे रबरी माउंट, अडथळ्याचे रबर आणि धूळरोधक आवरणही नवे घ्यावे, कारण मजुरी तीच लागते. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग योग्य साधनाने दाबूनच काढावी. तारेने किंवा दोरीने बांधून हे काम करणारे कारागीर आपला हात पणाला लावीत असतात. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के करू नयेत. ती चाकांवर उभी करून मग आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावे.

नव्या धक्काशोषकाच्या दांड्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत तेलाचा पुसट थर दिसतो आणि त्याला धूळ चिकटते. तो दट्ट्याच्या सीलला वंगण देणारा थर असून, तेवढ्यावरून माल परत करण्याचे कारण नाही. तेल नळकांड्यावरून ओघळून खालच्या भागापर्यंत ओले झाले असेल, तर मात्र खरेदीची पावती शोधावी.