खाडी ओलांडणारी बोट आपल्या किती कामाची?

डहाणूहून वसई, नालासोपारा किंवा मीरा रोडला लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी जाणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. लोकल मिळाली तर उत्तमच. पण सोबत गुडघे धरलेली दादी, कडेवरचे मूल आणि आहेराच्या पिशव्या असल्या की घरची गाडी काढावी लागते. तलासरी गावाला तर रेल्वे स्थानकच नाही. गाडी काढली की मनोर, महामार्ग आणि कोंडी ठरलेली. नकाशात मात्र सफाळ्याकडचा किनारा आणि विरार अगदी समोरासमोर दिसतात. मध्ये आहे ती फक्त वैतरणा खाडी.

या खाडीत एप्रिल २०२५ मध्ये रो-रो बोट सुरू झाली. सफाळ्याजवळच्या जलसारची खारवाडेश्री जेट्टी आणि विरारचे मारंबळपाडा यांच्यामध्ये ती फेऱ्या मारते. पाण्यावरचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर, वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास. हेच रस्त्याने जायचे तर सुमारे साठ किलोमीटरचा वळसा पडतो. रो-रो म्हणजे गाडी चालवतच बोटीत चढवायची आणि पलीकडे चालवतच उतरवायची. बोटीचे तोंड फळीसारखे खाली येते आणि उतारावर टेकते. कोकणातल्या आपल्या नातेवाइकांना यात नवल वाटणार नाही. दाभोळ-धोपावे अशी बोट २००३ पासून चालते आणि दापोली-गुहागरची माणसे रोज तिच्यावर विसंबून असतात.

कोणाला उपयोग, कोणाला नाही?

डहाणू, चिंचणी, तारापूर, पालघर या पट्ट्यातल्या घरांना फायदा सरळ आहे. पालघर, सफाळे करत जेट्टी गाठावी आणि महामार्गाला हात न लावता विरारला उतरावे. पुढे वसई ते भाईंदर अशी दुसरी रो-रो फेब्रुवारी २०२४ पासून आहे. एका फेरीत तीसेक वाहने आणि शंभर प्रवासी मावतात. वर्सोवा पुलाच्या कोंडीत अडकण्यापेक्षा हे साडेतीन किलोमीटरचे पाणी बरे, असे अनेकांना वाटते.

तलासरीकरांचा हिशेब वेगळा आहे. महामार्ग त्यांच्या दारातूनच जातो. बोटीसाठी पश्चिमेला सफाळ्यापर्यंत वळणे म्हणजे वाचलेला वेळ पुन्हा रस्त्यावर घालवणे. त्यांना उत्तरेकडची बोट कधीतरी कामी येईल. सुरतजवळच्या हजीरा बंदरातून भावनगरजवळच्या घोघ्याला नोव्हेंबर २०२० पासून मोठी बोट जाते. खंभातच्या आखाताला वळसा घालणारा सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता त्यामुळे नव्वदेक किलोमीटरच्या समुद्रप्रवासावर येतो. त्याआधीची घोघा-दहेज सेवा मात्र गाळामुळे रखडली. पाण्याची वाट एकदा आखली की कायमची झाली, असे नसते, हे त्यावरून कळते.

मोसम आणि चांद

समुद्रावरचे वेळापत्रक माणूस एकटा ठरवत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की उघड्या समुद्रात लाटा उसळतात. म्हणून गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो, जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली, ती पावसाळ्यातही चालते. आपल्या झाई-डहाणूच्या मच्छीमार बोटीही १ जून ते ३१ जुलै किनाऱ्याला लागलेल्या असतात. खाडीचे पाणी समुद्रापेक्षा शांत असले, तरी वादळाचा इशारा असेल तेव्हा बोट मिळेलच, असे धरून चालू नये.

भरती-ओहोटी समजायला आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर पुरते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास मोठे उधाण येते. म्हणजे चांद दिसतो त्या दिवसांत आणि चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या आसपास. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो आणि बोटीला पाणी कमी पडते. वर्गात आम्ही मुलांना हा धडा चंद्राची चित्रे काढून शिकवतो. जेट्टीवर तो डोळ्यांनी दिसतो.

सोय आणि सावधगिरी

डहाणूकरांना पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट आपल्याच समुद्रात उलटली आणि तीन मुली गेल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीच्या अपघातात पंधरा जणांचा जीव गेला. त्याही आधी, १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. रो-रो बोट यांपेक्षा रुंद आणि स्थिर असते, हे खरे. तरी काही गोष्टी घरातल्या मोठ्यांनी मुलांना निघण्यापूर्वीच सांगाव्यात.

गाडी बोटीत लागली की इंजिन बंद, हँडब्रेक वर. मुले आणि म्हातारी माणसे गाडीतून उतरून बसण्याच्या जागी जावीत. लाइफ जॅकेट कुठे आहेत, हे चढताच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. फोटोसाठी सगळ्यांनी एका कठड्यावर झुकू नये. बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबावे. निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ आणि दर चौकशी करून घ्यावेत, नाहीतर रात्री जेट्टीवरून साठ किलोमीटरचा वळसा नशिबी येतो.

आणि एक मागणी आपणही करायला हवी. ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा प्रवास या बोटीने सोपा झाला. पण पायी उतरणाऱ्या बाईला पुढे स्टेशनपर्यंत एसटी हवी, जेट्टीवर सावली आणि स्वच्छतागृह हवे, वेळापत्रकाचा फलक मराठीत मोठ्या अक्षरांत हवा. दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईला आणि परीक्षेला निघालेल्या मुलीला या बोटीचा भरवसा वाटला, तरच खाडी खऱ्या अर्थाने ओलांडली असे म्हणता येईल. ग्रामसभा आणि पंचायत समितीत हा विषय काढायला आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांनीही जावे.