चंदनासारखी उगाळायची शाई

शाई म्हटली की मला दौत आठवते; जपानी ‘सुमी’ मात्र चक्क वडी! पाण्याचे थेंब घालून ती दगडावर चंदनासारखी उगाळायची. जिन्नस मोजके : दिव्याची किंवा पाइनची काजळी, जनावरांच्या कातड्याचा सरस आणि त्याचा वास झाकायला थोडा सुगंध. आपल्या पोथ्यांच्या शाईतही काजळच असे, पण सरसाऐवजी बाभळीचा डिंक. सरस उन्हाळ्यात नासतो. म्हणून नारा शहरातले कारागीर ही शाई थंडीतच मळतात. साच्यातली ओली वडी राखेत पुरून सावकाश सुकवतात. घाई केली की तडा गेलाच! पणतीची काजळी एका रात्रीत जमते; तिची शाई व्हायला मात्र धीरच लागतो.